राजीनाम्याआधीचा हिशेब



आपल्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, इतिहासावर पुष्कळ ऐकायला मिळाले. यंदा मंडळींनी मला सांगितले, की सध्या घराघरांत ज्या विषयावरून जेवणाची ताटे थंड होतात, त्यावर बोला. तो विषय असा : मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळुरूत चांगल्या नोकरीत आहे, पगार वेळेवर येतो आहे, आणि एके दिवशी फोन येतो, ‘नोकरी सोडतोय, स्वतःचं सॉफ्टवेअर करणार आहे.’

मी सारी उमर बँकेत काढली. ज्याने कधी राजीनामा दिला नाही त्याने राजीनाम्यावर बोलावे, हे तुम्हांला थोडे विचित्र वाटेल. पण राजीनामा जितका देणाऱ्याचा असतो तितकाच घरात बसून तो ऐकणाऱ्याचाही असतो. मी ऐकणाऱ्यांच्या बाकावरचा माणूस आहे, आणि तिथे माझी एक चूक झाली. ती आधी सांगतो.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतण्याचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, ‘‘काका, नोकरी सोडावी म्हणतोय. बाबांना तुम्ही समजावून सांगा.’’ मी म्हणालो, ‘‘अरे, पण तुझ्या लग्नाचं काय? लोकांना काय सांगायचं?’’ पलीकडे जरा शांतता झाली. मग तो ‘‘बरं, बघू,’’ म्हणाला आणि फोन ठेवला. दादाला मी सांगितले, दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही, वहिनींनी उपास धरला, आणि पोराने विचार सोडला असे समजून आम्ही निवांत झालो. चार महिन्यांनी कळले, की त्याने राजीनामा त्याच आठवड्यात दिला होता. चार महिने आमचा फोन गेला की तो ‘ऑफिसात आहे’ म्हणून सांगत होता. त्याने नोकरी सोडली याचे मला तितके वाईट वाटले नाही. आमच्यापासून लपवावे लागले, याचे वाटले.

आता माझी चूक कुठली, ते पाहा. बँकेत माझ्या टेबलासमोर राईस मिलवाले, किराणावाले, ट्रॅक्टर घेणारे, कितीतरी लोक कर्जाचा अर्ज घेऊन बसले. त्यांतल्या एकालाही मी ‘लोक काय म्हणतील’ असे विचारले नाही. त्यांना मी तीन गोष्टी विचारत असे. माल घेणार कोण? स्वतःचे किती घालणार आणि त्यावर किती दिवस निघतील? आणि नाहीच चालले तर फेड कशातून? परक्याला हे तीन प्रश्न विचारणारा मी, घरच्या पोराला मात्र त्यांतला एकही विचारू शकलो नाही. आज मला एवढेच म्हणायचे आहे, की नोकरी सोडावी की सोडू नये हा वाद बाजूला ठेवून हे तीन प्रश्न घरात बसून, पोराबरोबर, विचारायला आपण शिकले पाहिजे.

ते आपल्याला का जमत नाही, यालाही कारण आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण पाठ केली आणि उलटी जगलो. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज इकडे चाकरीच्या निमित्तानेच आले. कुणी नागपूरकर भोसल्यांच्या काळात, कुणी इंग्रजी अमलात. १८६१ साली मध्यप्रांत झाला, १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला, आणि कचेरी, शाळा, जंगलखाते, रेल्वे, पुढे मँगनीजच्या खाणी यांतून घरे उभी राहिली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि आपण वैनगंगेच्या काठी इथेच राहिलो. त्या उलथापालथीत आपल्याला ज्याने तारले, तो महिन्याच्या महिन्याला येणारा पगार होता. जमीनजुमला थोडा, व्यापाराची परंपरा नाही, भाषेचे राज्य पलीकडे. अशा माणसाला पगारपत्रक हाच सातबारा वाटतो. म्हणून राजीनामा हा शब्द ऐकला की आपल्या पोटात खड्डा पडतो. ही भीती मूर्खपणाची नाही. तिने तीन-चार पिढ्या जगवल्या आहेत. पण भीतीने हिशेब होत नाही.

आता ज्यांनी नोकऱ्या सोडल्या, त्यांनी त्या कशा सोडल्या ते पाहू. पहिले उदाहरण सॉफ्टवेअरच्या शंभर वर्षे आधीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली, एवढे आपण सगळे सांगतो. त्याआधीचे सांगायचे राहते. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकत, लोकांना चालवायला शिकवीत. म्हणजे राजीनामा दिला तेव्हा दुकान चालू होते, गिऱ्हाईक माहीत होते आणि भाऊ गल्ल्यावर होता. पुढे लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असे म्हणून शेतकरी तो घेईनात. तो काळ निभावला कारण घर एकत्र उभे होते. कंपनीचे नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ असे पडले, त्यातला ‘ब्रदर्स’ हा शब्द शोभेचा नाही.

आता दुसरे भाऊ. पुण्याचे कैलास आणि संजय काटकर. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले, वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत कामाला. कैलास दहावीनंतर शिकले नाहीत. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले. तिथे ते कॅल्क्युलेटर, हिशेबाची यंत्रे, जे येईल ते उघडून दुरुस्त करायला शिकले. पाच-एक वर्षांनी, १९९० च्या सुमारास, १५,००० रुपये जमवून त्यांनी ती नोकरी सोडली आणि स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. लक्षात घ्या, त्यांनी सोडली ती नोकरी आणि धरला तो धंदा एकच होता. जे हाताला येत होते तेच स्वतःच्या पाटीखाली करू लागले.

त्या काळात बँका आणि कचेऱ्यांत संगणक येऊ लागले होते. दुरुस्तीच्या कामासाठी बँकेत जाताना कैलास यांनी तो पाहिला आणि पुढचे काम यातच आहे हे ओळखले. धाकटा भाऊ कॉलेजात होता, त्याला त्यांनी संगणक शिकायला लावले. पुढे सुमारे ५०,००० रुपये घालून एक संगणक घेतला. त्या वेळच्या दुरुस्तीवाल्यासाठी ही रक्कम किती मोठी, हे माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला सांगायला नको. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी बऱ्याच यंत्रांत बिघाड तारांचा नसायचा. फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसचा असायचा. साफ करून दिले तरी महिन्याभराने तेच यंत्र परत यायचे. संजय यांनी एकेका व्हायरसवर छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. भाऊ ते गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालवून पाहत. असे पुष्कळ उतारे जमल्यावर ते एकत्र बांधले आणि १९९५ साली ‘क्विक हील’ बाजारात आले, किंमत ७०० रुपये.

दुरुस्तीचे दुकान मात्र त्यांनी बंद केले नाही. संगणकांच्या देखभालीचे पैसे येत राहिले आणि त्यावर सॉफ्टवेअर पोसले गेले. २००७ साली कंपनीने जुने नाव टाकून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव घेतले. २०१० साली सिकोया या गुंतवणूकदार कंपनीने त्यात ६० कोटी रुपये घातले. २०१६ च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात नोंद झाली. वर्तमानपत्रांनी शेवटच्या दोन तारखा मोठ्या अक्षरांत छापल्या. पण १९९५ ते २०१० ही पंधरा वर्षे मध्ये आहेत. आपल्या पोरांना आपण २०१० दाखवतो किंवा ती आपल्याला दाखवतात. त्यांनी आणि आपण पाहायला हवे ते दुरुस्तीचे दुकान.

तिसरे उदाहरण आपल्या भोपाळचे. आनंद देशपांडे यांचे लहानपण भोपाळला गेले. वडील सुरेश देशपांडे भेलमध्ये इंजिनिअर होते. म्हणजे अगदी आपल्यासारखे, चाकरीसाठी मध्य प्रदेशात आलेले मराठी घर. आनंद खरगपूरच्या आयआयटीत शिकले, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९८९ साली डॉक्टरेट घेतली आणि ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत लागले. त्या काळात त्याहून मानाची नोकरी कुठली? ती सोडून १९९० साली ते पुण्यात आले आणि ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ काढली. ज्या विषयात संशोधन केले, त्या डेटाबेसच्याच कामापासून सुरुवात केली. आणि कंपनीच्या प्रवर्तकांत मुलाबरोबर वडिलांचेही नाव आहे. सरकारी कारखान्यात आयुष्य घालवलेला बाप मुलाच्या धंद्यात भागीदार म्हणून उभा राहतो, हे मला त्या कथेतले सर्वांत मोठे वाटते. २०१० साली ती कंपनी शेअर बाजारात आली. आज तिथे वीस हजारांहून अधिक माणसे काम करतात आणि नागपुरात परसोडीला तिच्या इमारतींची नावे गार्गी आणि मैत्रेयी आहेत. पुढे याच देशपांडे दांपत्याने लहान व्यवसाय करणाऱ्यांना हात देण्यासाठी ‘दे आसरा’ ही संस्था काढली.

या तिन्ही घरांत मला तीच गोष्ट दिसते. नोकरी सोडताना दुसरा पाय कशावर ठेवायचा हे ठरलेले होते. आणि घरातले कुणीतरी, भाऊ म्हणा, वडील म्हणा, सगळे माहीत असून सोबत होते. आमच्या घरात यांतले काहीच नव्हते, कारण आम्ही विचारलेच नाही.

आता पुतण्याकडे वळतो. त्याने पहिल्यांदा काय केले? छोट्या दुकानदारांसाठी बिले करण्याचे ॲप. सुबक होते. पण तसली फुकट मिळणारी ॲप बाजारात पुष्कळ होती आणि दुकानदार महिन्याला शंभर रुपये द्यायलाही तयार नव्हता. आठ महिन्यांत साठवलेले पैसे संपले. पुण्यातली खोली सोडून तो इथे घरी आला आणि वरच्या खोलीत बसून काम करू लागला. दादा जेवताना त्याच्याशी बोलत नसे, पण वहिनी दोन वेळा ताट वाढत होत्या आणि विजेचे बिल दादाच भरत होता. कर्जाच्या भाषेत सांगायचे तर त्या धंद्यातले पहिले भांडवल आमच्या घराने घातले. फक्त कागदावर सही नव्हती आणि तोंडावर हसू नव्हते.

त्याच हिवाळ्यात तो एका मित्राच्या वडिलांच्या राईस मिलमध्ये जाऊन बसू लागला. तुम्हांला माहीतच आहे, सरकार हमीभावाने धान खरेदी करते, मिलला देते आणि तांदूळ परत घेते. एक क्विंटल धानाला ६७ किलो अरवा तांदूळ परत द्यायचा, उसना असेल तर ६८. कोंडा, कणी मिलवाल्याकडे. त्यात ओलावा, बारदाना, ट्रकच्या फेऱ्या, कुठल्या केंद्रावरून किती उचलले, कुठल्या गोदामात किती जमा झाले, नाकारलेला माल परत आला तो वेगळा. हे सगळे चार वह्यांत लिहिलेले आणि मुनीमजींच्या डोक्यात. मुनीमजी आजारी पडले की मालकाची झोप उडते. पुतण्याने त्या वह्या महिनाभर नुसत्या वाचल्या. मग त्यांच्याच रकान्यांप्रमाणे, हिंदीत, एक प्रोग्रॅम केला. पहिल्या मालकाने पैसे दिले, कारण त्याची अडचण खरी होती आणि फुकटचे ॲप बनवणाऱ्या कुणालाही बारदान्याचा हिशेब ठाऊक नव्हता.

आज बालाघाट, वारासिवनी आणि गोंदियाकडच्या मिळून चाळीस-एक मिली त्याच्याकडे आहेत. दरवर्षी ठरलेली रक्कम देतात. पुण्यात मिळत होता तितका पगार अजून सुटत नाही, असे तो सांगतो, पण महिना चुकत नाही. तो कोट्यधीश होईल असे मला वाटत नाही. ज्या दिवशी मी ‘लग्नाचं काय’ म्हणालो त्या दिवशी ‘घेणार कोण’ एवढे विचारले असते, तर कदाचित ते आठ महिने वाचले असते आणि ते चार महिन्यांचे खोटेही.

म्हणून ते तीन प्रश्न पुन्हा, जरा सविस्तर.

पहिला, घेणार कोण? ‘सगळ्यांना उपयोगी पडेल’ हे उत्तर मी अर्जावर कधी मान्य केले नाही, तुम्हीही करू नका. पैसे देणारी पाच माणसे कोण, ती आज हे काम कसे करतात आणि त्यापायी त्यांचे काय बुडते, हे पोराला सांगता आले पाहिजे. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढायला खर्च नसतो, हे खरे. पण प्रत विकून काम संपत नाही. नवा व्हायरस येतो, सरकारचा नियम बदलतो, रात्री नऊला मालकाचा फोन येतो. म्हणून एकदाच पैसे देणाऱ्यापेक्षा वर्षाला पैसे देणारा शोधावा लागतो. आणि असा गिऱ्हाईक शोधायला मोठे शहरच लागते, असेही नाही. झोहो कंपनीचे श्रीधर वेंबू यांनी अमेरिकेतली क्वालकॉमची नोकरी सोडून, भाऊ आणि सहकारी मिळून, १९९६ साली धंदा सुरू केला. २०११ साली त्यांनी तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या आडगावाजवळ कचेरी थाटली आणि तिथून जगभरची गिऱ्हाइके सांभाळली जातात.

दुसरा, घर किती महिने चालेल? इथे आकडा हवा, धीर नको. किमान वर्षभराचा खर्च बाजूला आहे का? कंपनीचा आरोग्यविमा राजीनाम्याबरोबर जातो, स्वतःचा आधी काढला आहे का? पाच वर्षे सलग झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, त्याला दोन महिने कमी असतील तर दोन महिने थांबता येते. घरासाठी कर्ज घ्यायचे असेल तर ध्यानात ठेवा, स्वतंत्र धंदा करणाऱ्याकडून बँका दोन-तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रे मागतात. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. आणि नोकरीत असतानाच रात्री काम सुरू करणार असेल, तर नेमणूकपत्र वाचून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या वेळेत एक ओळही लिहू नये.

तिसरा, परतीची वाट कुठली? आपण बँकवाले याला तारण म्हणतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे तारण त्याच्या हातात असते, ते जप्त होत नाही. पण तारीख ठरवावी. अमुक दिवाळीपर्यंत इतकी गिऱ्हाइके झाली नाहीत तर पुन्हा नोकरी बघायची. ही तारीख पोराने स्वतः सांगावी आणि आपण ती पुन्हा पुन्हा आठवण करून देऊ नये. परत नोकरीला गेला तर ‘मी आधीच म्हणालो होतो’ हे वाक्य त्या घरात उच्चारायचे नाही. या एका वाक्याच्या भीतीने किती पोरे बुडता धंदा ओढत बसतात, ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे.

या प्रश्नांची उत्तरे ऐकून ‘आत्ता सोडू नकोस’ असेही सांगावे लागेल. अंगावर कर्ज आहे, आई-वडिलांचे आजारपण आहे, गिऱ्हाईक एकही नाही, तर तसे सांगणे हे घराचे कर्तव्यच आहे. फरक एवढाच, की तेव्हा पोराला कारण कळलेले असते. ज्याला कारण कळते तो थांबतो किंवा तयारी करतो. ज्याला नुसते रडणे ऐकू येते तो लपवतो.

एक शेवटचे सांगतो आणि थांबतो. मागच्या दिवाळीला दादाचे पाकीट उघडे पडले होते, त्यात पुतण्याचे व्हिजिटिंग कार्ड दिसले. दादा म्हणाला, ‘‘गोंदियाला लग्नाला गेलो होतो, तिथे एका मिलवाल्याला दिलं. राहिलं एक.’’ निवृत्त हेडमास्तर पोराची कार्डे वाटत हिंडतो आहे. रामुअण्णा सायकली विकत होते, त्यातलेच हे. एवढे करायला आम्हांला कितीतरी वर्षे लागली. तुमच्या घरी फोन येईल तेव्हा इतकी लागू नयेत, म्हणून हे सारे सांगितले.